तात्यांचा सायेब आणि एक सही

ॲडम्सटाउनच्या मराठी मंडळींत एक बातमी पक्की होती. प्रभाकर शेडगे, म्हणजे आयटीवाल्या केदारचे वडील, म्हणजे सगळ्यांचे तात्या, कुत्र्यांच्या शर्यतीवर जुगार खेळतात. नुसतं खेळत नाहीत, हरतात. आणि शेवटच्या खेपेला इतके हरले, की शर्यतवाल्यांना दया आली आणि जो कुत्रा हरला तोच त्यांनी तात्यांच्या गळ्यात मारला. बातमी चित्राकाकूंची. चित्राकाकू घरून चकली-चिवडा विकतात आणि पाकिटाबरोबर बातमी फुकट देतात. "मी कुणाबद्दल बोलत नाही हं," असं म्हणून त्या खुर्ची पुढे ओढतात. खुर्ची पुढे आली की समजायचं, आता कुणाचं तरी साल निघणार.

बातमी साफ खोटी. तात्यांनी शर्यत कधी टीव्हीवरसुद्धा पाहिली नव्हती, आणि पैजेचा तर त्यांना धसकाच होता. तेहतीस वर्षं ते कराडकडे वीज मंडळात वायरमन होते. तिथला त्यांचा जोडीदार मोहन एकदा म्हणाला, "लाइन बंद हाय, लाव पैज," आणि खांबावर चढून त्याने हात लावला. लाइन चालू होती. तात्यांनी त्याला खाली उतरवला तेव्हा त्याची एक चप्पल वर तारेतच अडकून राहिली होती. त्या दिवसापासून तात्यांनी चहाचीसुद्धा पैज लावली नाही, आणि टेस्टर लावल्याशिवाय कशाला हात लावला नाही.

कुत्रा मात्र खरा होता.

आई गेल्यावर केदारने तात्यांना कराडहून इकडे परदेशात आणलं, त्याला सहा वर्षं झाली. "बाबा एकटे कसे राहणार?" हे सांगायचं कारण. खरं कारण आठ वर्षांचं होतं, त्याचं नाव अंबरीश, आणि त्याला शाळेतून घरी आणायला माणूस मिळत नव्हता. आता अंबरीश चौदाचा आहे, खिशात स्वतःची किल्ली आहे, आणि आजोबांनी मराठीत काहीही विचारलं तरी त्याचं उत्तर एकच, "आय'म ग्रँड," म्हणजे इकडच्या बोलीत, मी मजेत. भूक लागली का? ग्रँड. पडलास का? ग्रँड. गुडघ्यातून रक्त येतंय की रे! ग्रँड, आजोबा.

म्हणजे तात्यांचं मुख्य काम संपलं होतं. उरली ती बारीकसारीक: साडेसहाला तिघांचे डबे, वयाच्या बासष्टाव्या वर्षी शिकलेल्या पोळ्या, दिवसभर पार्सलं घेणं, बॉयलरवाल्याला दार उघडणं, कचऱ्याचा डबा रस्त्यावर ओढणं. राहायला जिन्याजवळची खोली, जिच्यात पलंग सरळ मावतो आणि माणूस तिरका.

सून नेत्रा पुण्याची. सँडीफोर्डच्या एका कंपनीत एचआर, निम्मे दिवस घरून काम. आमच्या आणि त्यांच्या घराची भिंत एकच, त्यामुळे मला तिचे दोन्ही आवाज पाठ आहेत. एक कॉलवरचा, मधात बुडवलेला: "हाय गाईज, होप यू'र ऑल कीपिंग वेल!" दुसरा म्यूट दाबल्यावरचा: "बाबा! कुकर!" दोन्हींच्या मध्ये श्वास नाही. मी सगळ्यांच्या नकला करते, हिचीही करायला पुष्कळ सराव केला, पण तो सांधा मला अजून जमत नाही. एकदा ती म्हणाली, "बाबा, नो ऑफेन्स, पण खोकला जरा कॉलनंतर काढाल का?" तात्यांनी पाऊण तास खोकला दाबून धरला. डोळ्यांतून पाणी आलं, कानशिलं लाल झाली, पण खोकला कॉलनंतरच काढला.

असा माणूस दुपारी घरात थांबेल कशाला? तात्या कालव्यावर चालायला जायचे. तिथे त्यांना ब्रीडा भेटली. सत्तरीची, गुडघ्यापर्यंत रबरी बूट, आणि हातात चार ग्रेहाउंड. शर्यतीतून काढून टाकलेले कुत्रे ती सांभाळायची आणि त्यांना घरं शोधायची. तात्यांना एवढं कुठे माहीत! त्यांना दिसल्या नुसत्या बरगड्या.

"मॅडम!" तात्यांनी तिला रस्त्यातच अडवलं. "व्हाय नो फूड? बोन, बोन, ऑल बोन! पाप लागंल तुमास्नी!"

ब्रीडा इतकी हसली की तिला कालव्याचा कठडा धरावा लागला. ही जातच अशी, हाडकुळी, पळण्यासाठी जन्मलेली, हे तिने तीन वेळा सांगितलं. "ही'ज ग्रँड, सो ही इज," चौथ्यांदा म्हणाली. घरातल्या ग्रँडवर तात्यांचा विश्वास नव्हता, तो हिच्या ग्रँडवर का बसावा? दुसऱ्या दिवशी ते फॉइलमध्ये चार भाकऱ्या घेऊन हजर.

त्या चारांतला एक करडा होता, त्याचे दोन्ही कान अर्धे कापलेले. का, ते तात्यांना तुकड्या-तुकड्यांनी कळलं. शर्यतीच्या कुत्र्याच्या कानांत नंबर गोंदलेला असतो. नंबरावरून मालक सापडतो. हा हळू झाला, मालकाला नकोसा झाला, आणि पुढे कुणी विचारायला येऊ नये म्हणून त्याने सुरीने कानच उतरवले आणि कुत्रा एका शेताच्या फाटकाला बांधून तो निघून गेला.  वीज चोरणारे तात्यांनी पुष्कळ पाहिले होते, मीटरवरचा नंबर कानशीने घासून काढणारे.

"नंबर खरडलेला मीटर आमी तिथं सोडत न्हवतो," ते मराठीतच म्हणाले. "संगं घिऊन जायचो."

ब्रीडाला एक अक्षर कळलं नाही, पण तिने दोरी त्यांच्या हातात दिली.

नियम साधा होता. सहा आठवडे कुत्रा घरी ठेवून बघायचा. मग फॉर्मवर घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाची सही. एकही सही कमी पडली तर कुत्रा परत. केदार म्हणाला, "बघा बाबा, तुम्हीच करणार असाल तर." नेत्राने खूप वेळ विचार केल्यासारखा चेहरा केला. "मला ना, ॲक्च्युली, डॉग्ज आवडतातच. कॉन्सेप्ट म्हणून." मग कापलेल्या कानांचा फोटो काढून ऑफिसच्या ग्रुपवर टाकला. एकशे बारा जणांना तो आवडला. सही मात्र सहा आठवड्यांनी बघू, असं ती म्हणाली. म्हातारा चार दिवसांत कंटाळेल, हा तिचा हिशेब.

तात्यांनी कुत्र्याचं नाव ठेवलं सायेब. तो दिवसाचे अठरा तास झोपायचा आणि उरलेल्या वेळात उभा राहून शून्यात बघायचा. "आमच्या डिव्हिजनचे सायेब अगदी अस्सेच हुते," तात्या म्हणायचे. पहिले दोन दिवस तर त्यांना वाटलं, हा आजारी आहे. बस म्हटलं तर बसत नाही, भुंकत नाही, दाराशी पोत्यावर झोप म्हटलं तर थरथरत सोफ्याकडे बघतो. कराडात कुत्रं म्हणजे रात्रभर भुंकणारं आणि दिवसा मार खाणारं. याला तर घरात स्वेटर लागत होता.

शिवाय सायबाला गुळगुळीत फरशीची भीती. स्वयंपाकघरात चारही पाय फाकवून तो पुतळ्यासारखा उभा राहायचा आणि कण्हायचा. तात्यांनी उपाय केला. नेत्राच्या योगाच्या दोन मॅट कात्रीने उभ्या कापल्या आणि सोफ्यापासून पाण्याच्या भांड्यापर्यंत पायवाट अंथरली.

"बाबा, त्या बालीच्या होत्या!"

"मग? आता त्येच्या झाल्या."

त्या दिवशी नेत्राची सही गेली, हे भिंतीच्या अलीकडे मलासुद्धा कळलं. तात्यांना कळलं नाही असं नाही. ते जास्त पोळ्या लाटू लागले, जास्त मऊ. मराठी मंडळी मजा घ्यायला घरी येऊ लागली. "तात्या, उंदीर मोठा पाळलाय हं." "कान नाहीत म्हणजे ऐकू येत नसेल, बोला बिनधास्त." चित्राकाकू म्हणाल्या, "दोघंही रिटायर्ड. एकाचे कान गेलेत, दुसऱ्याला ऐकायचं नाही." हे शेवटचं वाक्य मी पुढे आठवडाभर काकूंच्या आवाजात सगळ्यांना ऐकवलं. तात्यांनाही. ते हसले नाहीत, पण सायबाच्या अर्ध्या कानांवर त्यांनी हात ठेवला.

सहीच्या दिवसाआधी दोन दिवस, श्रावणातल्या शनिवारी, नेत्राने सत्यनारायण घातला. गुरुजी पुण्याहून झूमवर. मधूनच त्यांचा आवाज जायचा, मग चाळीस माणसं हात जोडून नुसत्या हलणाऱ्या ओठांकडे बघत राहायची. किलकेनीहून डॉक्टर गिरीश आले होते, हाडांचे. चित्राकाकूंची खुर्ची आधीच पुढे होती. कुत्रा फोटोत येणार नाही असा बांधा, अशी नेत्राची सूचना, म्हणून सायेब मागच्या दाराशी.

आणि तिथे तात्यांनी माती खाल्ली.

प्रसादाचा शिरा त्यांनीच केला होता. सव्वाच्या मापाने रवा, साखर, तूप, आणि वर ओंजळभर बेदाणे. काय खायला द्यायचं नाही त्याची ब्रीडाने लिहिलेली यादी फ्रिजवर चिकटवलेली होती, तीत द्राक्षं आणि बेदाणे लाल शाईत. तात्यांनी ती वाचली होती. पण यादी खाण्याची होती. प्रसाद म्हणजे खाणं नव्हे. कथेत प्रसाद टाकून गेलेल्यांच्या नावा कशा बुडतात, हे त्यांनी आत्ताच चाळीस माणसांत बसून ऐकलं होतं. घरातल्या प्रत्येक जिवाला प्रसाद मिळालाच पाहिजे, आणि सायेब घरातला की नाही, हे परवा ठरायचं होतं. त्यांनी वाटी भरली, मागच्या दाराशी गेले, सायबाच्या कपाळाला बोट लावलं आणि वाटी पुढे धरली. सायबाने एवढ्या मन लावून आजवर काही खाल्लं नव्हतं.

रिकामी वाटी मी पाहिली. यादी मी मोठ्याने वाचली. खोटं कशाला बोलू, मला थोडी मजाच वाटली. "तात्या, हे विष आहे. किडनी जाते म्हणे."

 तात्या धावत डॉक्टर गिरीशांकडे गेले. डॉक्टर पंगतीत बसलेले. "काही होत नाही हो. आपल्याकडे गल्लीतली कुत्री काय काय खातात. थोडं तूप वाढा इकडे."

"डॉक्टर, पर लिवलंय तसं."

"तात्या, मी डॉक्टर आहे की तो फ्रिज?"

पंगत हसली. चित्राकाकू म्हणाल्या, "आणि प्रसादाने गेलाच तर थेट मोक्ष. आपलं नशीब कुठे एवढं!" पंगत पुन्हा हसली. नेत्राने दातांतल्या दातांत सांगितलं, "बाबा, प्लीज. माणसं जेवतायत." केदारने वडिलांना कोपऱ्यात घेतलं. त्याचं म्हणणं खरं तर शहाणपणाचं होतं. "बाबा, वाट बघू जरा. त्या बाईला फोन केलात तर ती कुत्रा घेऊनच जाईल. तुम्ही विष घातलंत म्हटल्यावर कोण देईल परत? नाही केलात तर कदाचित काही होणारही नाही."

तात्यांनी वळून बघितलं. मागच्या दाराशी सायेब उभा होता, जिभेने नाक चाटत, खूश. परवा सही. आज फोन केला तर सही संपली. नाही केला तर कदाचित कुत्रा संपला. तात्यांनी ब्रीडाला फोन लावला. चाळीस माणसं इंग्रजी बोलणारी, त्यातलं एकही पुढे आलं नाही. ती जेवत होती.

"मॅडम. डॉग. आय गिव्ह. ड्राय ग्रेप. माय हँड, मॅडम. माय हँड."

ब्रीडाची व्हॅन पंचवीस मिनिटांत दारात. मठ्ठा वाढणं चालू असताना ती रबरी बुटांनी पंगतीच्या मधून गेली, सायबाला उचलून बाहेर नेलं आणि जाताना चित्राकाकूंच्या पदरावर चिखल ठेवून गेली. मागून तात्या, हातात स्वेटर. प्राण्यांच्या डॉक्टरने सायबाला ओकवलं, सलाइन लावलं, दोन रात्री ठेवून घेतलं. अजून एक तास गेला असता तर नसता वाचला, म्हणाला.

वाचला. पण घरी आला नाही, ब्रीडाच्या कुत्रेखान्यात गेला. ती तात्यांना म्हणाली, वीस वर्षांत माझ्याकडे जो आला तो हेच सांगत आला, की कुत्र्याने स्वतःच प्रेस उघडलं आणि खाल्लं. प्रेस म्हणजे इकडे कपाट. माझ्या हाताने झालं म्हणणारे तुम्ही पहिले. मी याला दहा दिवस दुसऱ्या कुणाला देत नाही. पण सह्या सगळ्यांच्या लागतील.

नेत्राने सोफ्यावरचे केस रोलरने काढले. मॅटची पायवाट गुंडाळून कचऱ्यात. "देवाचीच इच्छा असेल, बाबा. नो ऑफेन्स, पण आता तो चॅप्टर क्लोज करू या."

"तात्या, संपलं," मी कुंपणावरून म्हणाले. "नेत्राकाकू मेल्या तरी सही करणार नाहीत. लावता पैज?"

"म्या पैज लावत न्हाई, पोरी."

दुसऱ्या दिवशीपासून तात्या पहाटे सहाला घराबाहेर. भांडण नाही, बोलणं नाही. पहिल्या गाडीने सॅलिन्सला, तिथून चालत ब्रीडाच्या कुत्रेखान्यात. दिवसभर पिंजरे धुवायचे, सायबाला फिरवायचं, संध्याकाळी आठला परत. आले की आपल्या तिरक्या खोलीत.

पहिल्या दिवशी डबे नव्हते. दुसऱ्या दिवशी एक पार्सल दाराबाहेर भिजून लगदा झालं. तिसऱ्या दिवशी अंबरीश किल्ली विसरला आणि तीन तास पायरीवर बसला. मी विचारलं, काय रे, तर पहिल्यांदाच ग्रँड म्हणाला नाही. चौथा दिवस मात्र सोन्याचा. नेत्राचा मोठ्ठा कॉल, वरचे साहेब लोक हजर. इकडे दूध उतू, बॉयलरवाला दारात, केदार बाथरूममध्ये. आणि तिचं बोट म्यूटवर पडायच्या ऐवजी बाजूला पडलं. "ॲट द एंड ऑफ द डे, गाईज, इट्स ऑल अबाउट केअरिंग... केदार!! दूध!! मेलास का तिकडे!" अख्ख्या सँडीफोर्डने ऐकलं. आणि मग भिंतीपलीकडे नेत्राकाकू जिन्यावर बसून रडली. "हे सगळं बाबा कसं करायचे?" असं केदारला विचारत होती.

एवढा माल माझ्या पोटात राहणार होता थोडाच? संध्याकाळी तात्या स्टेशनवरून येताना मी फाटकातच गाठले आणि सगळं साग्रसंगीत करून दाखवलं. मध, दूध, मेलास का, रडणं, सगळं. तात्या हसले नाहीत. म्हणाले, "रडल्याचं परत कर." मी केलं. "आन् 'बाबा कसं करायचे', ते?" तेही केलं, हुंदक्यासकट. त्यांनी डोळे मिटून ऐकलं.

"ती पैज अजून हाय का?" ते म्हणाले.

मला वाटलं, म्हातारा भ्रमिष्ट झाला. "आहे की! नेत्राकाकू सही करणार नाहीत. मी जिंकले तर गणपतीत पहिल्या रांगेत बसून तुमची नक्कल बघायची."

"बघीन. हरलीस तर म्हैनाभर कालव्यावर सायबाची घाण तू उचलायची. सकाळी सातला."

"ठरलं."

नवव्या दिवशी नेत्रा पांढरे बूट घालून कुत्रेखान्यात गेली. केदार मागे. तात्या पिंजरा धूत होते, त्यांनी नळ बंद केला नाही.

"बाबा, घरी चला."

"चलतो की. सही?"

"आपण कारमध्ये बोलू या का?"

"हितं काय कुनाला मराठी येतंय?"

ब्रीडाने उलट्या बादलीवर फॉर्म ठेवला आणि पेन पुढे केलं. नेत्राने आधी बुटांकडे बघितलं, मग सासऱ्यांकडे. "नो ऑफेन्स बाबा, पण याला ब्लॅकमेल म्हणतात."

"व्हय," तात्या म्हणाले. "सोमवारपासनं डबे."

तिने सही केली. ती सासऱ्यांसाठी आली नव्हती, पोळ्यांसाठी आली होती, हे तात्यांना पुरतं ठाऊक होतं. त्यांनी वाईट वाटून घेतलं नाही. सायबाला स्वेटर घातला आणि मागच्या सीटवर मधोमध बसवला. केदारला घरापर्यंत दाराला चिकटून बसावं लागलं.

आता सकाळचे सात वाजलेत, कालव्यावर वारा सुटलाय, आणि आज माझा तेरावा दिवस. ग्रेहाउंड दिसायला हाडकुळा, पण त्याच्या पोटातून काय निघतं ते बघायला माझ्या जागी वाकावं लागतं. मी पिशवी हाताला गुंडाळली आणि विचारलं, तुम्ही तर कधी पैज लावत नाही ना, तात्या, मग माझ्याशीच कशी लावलीत?

"टेस्टर लावल्याबिगर म्या हात लावत न्हाई," तात्या म्हणाले. "तूच तर ऐकवलंस की, रडल्यालं. दोन डाव." मग पायाने गवत जरा बाजूला केलं. "थोडं राह्यलंय बघ तिकडं."